ज्याची शिफ्ट त्याची सही

मी एकोणीस दिवस एका रजिस्टरमध्ये शून्य लिहिलं, आणि त्यातलं एकही शून्य खरं नव्हतं. त्याची शिक्षा मला झाली नाही. ती दुसऱ्याच माणसाने भोगली, आणि मी कुंपणाच्या अलीकडून ती पाहत राहिलो. त्या माणसाबद्दल लिहायचं तर आधी हे सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढे जे गमतीचं येईल ते वाचून तुम्ही हसाल आणि मला चांगला शेजारी समजाल.

त्यांचं नाव दशरथ. वरठीला आमच्या लेआउटमध्ये सगळे त्यांना पंपवाले काकाजी म्हणत. चिखल्याच्या मँगनीज खाणीत ते बत्तीस वर्षं पंप ऑपरेटर होते. जमिनीखाली खोदत गेलं की पाणी झिरपत राहतं. ते दिवसरात्र उपसून वर काढावं लागतं, तेव्हा कुठे खाली माणसांना काम करता येतं. काकाजींनी आयुष्यभर तेवढंच केलं. निवृत्त होऊन वरठीला घर बांधलं, तेव्हा बाकी सगळं ते चिखल्याला ठेवून आले, पण पाण्याबद्दलचा संशय तेवढा बरोबर आणला.

कुठेही गेले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "पानी जाते कोठून?"

आमच्या घराची वास्तुपूजा होती. भटजी संकल्प सांगत होते आणि काकाजी लोटा घेऊन न्हाणीघरात शिरले. लोटाभर पाणी फरशीवर ओतून उकिडवे बसले आणि ते कुठे जातं ते पाहत राहिले. मी शाळेत मास्तर, म्हणून ते मला गुरुजी म्हणत. बाहेर येऊन सगळ्या पाहुण्यांसमोर मला म्हणाले, "गुरुजी, घर झकास आहे. पर तुमच्या आंघोळीचं पानी सैपाकघरात जाते." आमच्या सासऱ्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर जेवायला थांबला नसता. काकाजी थांबले, दोनदा भात घेतला. आणि पाणी आजही सैपाकघरातच जातं.

भात खाण्याचीही त्यांची रीत होती. आपण वरणासाठी भातात आळं करतो, तसं तेही करत, पण त्याची एक बाजू बोटाने फोडून वाट काढून ठेवत. वरण त्या वाटेने पत्रावळीच्या कडेला येई. वाढणारा म्हणे, काकाजी, वाहून चाललं. काकाजी म्हणत, "जाऊ दे. जागा आहे त्याले."

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्याला तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. शाळेत नवा नकाशा आला, तो पाहायला ते मुद्दाम आले. नव्या सीमेवरून त्यांनी बोट फिरवलं आणि वैनगंगा कोणाच्या वाट्याला गेली ते विचारलं. दोन्हीकडे आहे, असं मी सांगितलं. तेव्हा त्यांना हायसं वाटलं. जिल्हा कितीही तोडला तरी पाण्याची वाट कोणी अडवली नाही, एवढ्यावर ते समाधानाने घरी गेले.

आणि त्यांचा कूलर. पंपाच्या घरघरीत बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला शांततेत झोप येत नसे. म्हणून ते हिवाळ्यातही कूलर चालवत, टाकीत थेंब न ठेवता. यमुनाकाकू दोन चादरी आणि एक वाकळ घेऊन झोपत. कोणी विचारलं तर म्हणत, "माहं लगन पंपासंगं लागलं बाप्पा. हे त नुसते मंधातले मध्यस्थ."

काकू मोहाडीकडच्या विणकर घरातल्या. बापाच्या मागावर सूत भरता भरता वाढलेल्या, त्यामुळे रंग त्यांना माणसांसारखे ओळखू येत. माझ्या बायकोने नवी साडी दाखवली की त्या आधी पदर उलटा करून पाहत. त्यांच्या सगळ्या रंगांत वरचा रंग म्हणजे राणी. त्या रंगाची बोगनवेल त्यांच्या चिखल्याच्या क्वार्टरसमोर होती. वरठीला येताना त्यांनी तिची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर आणली. काकाजींनी एक लोखंडी ड्रम मधोमध कापला, त्याच्या बुडालगत चारी बाजूंनी छिन्नीने बावीस भोकं पाडली, विटांचे तुकडे, वाळू, माती भरली आणि फांदी रोवली. काकूंनी तिचं नाव ठेवलं, रानी.

ती जगली, आणि घरात भांडण सुरू झालं.

काकूंचं म्हणणं होतं की जिवंत वस्तूला पाणी लागतं. काकाजींचं म्हणणं होतं की बोगनवेलीला पाणी दिसलं की ती आळशी होते. "तिले पानी देलं का ती पानं देते. तहान लागली का फुलं देते," हे मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल. काकू म्हणत, "मंग तुमचं जेवन बंद करते. पाहू काय फुलते तुमच्यावर ते." काकाजी आंघोळीला गेले की त्या तांदळाचं धुवण हळूच ड्रममध्ये ओतत. काकाजी बाहेर येऊन ड्रमला पायाने एक हलका धक्का देत आणि वजनावरून ओळखत. बोलत काही नसत. आत जाऊन रजिस्टर उघडत आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहीत: चोरी.

आता त्या रजिस्टरबद्दल. खाणीत पंपावर एक लॉगबुक असतं. पाण्याची पातळी किती, पंप किती तास चालला, शेरा काय, आणि शेवटी सही. तसंच एक लांबट रजिस्टर काकाजींनी घरी आखलं होतं. तुळस एक लोटा. बोगनवेल शून्य. शेरा: यमुनेचा भाऊ आला, गेला. मी एकदा हसलो, तेव्हा त्यांनी मला समोर बसवून नियम सांगितले. लॉगबुकात खोटं लिहायचं नाही, कारण खाली माणसं असतात, आणि पुढच्या शिफ्टचा माणूस तुमच्या आकड्यावर विसंबून असतो. चूक झाली तर खोडायचं नाही, गिरवायचं नाही. एक आडवी रेघ मारायची, वर खरं लिहायचं, सही करायची. आणि ज्याची नोंद त्यानेच दुरुस्त करायची. दुसऱ्याला खरं माहीत असलं तरी त्याने हात लावायचा नाही.

"ज्याची शिफ्ट त्याची सही," ते म्हणाले. "साहेब आला तरी."

मी विज्ञानाचा मास्तर. मला ते फार आवडलं. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांना सांगितलंही.

त्या वर्षी संक्रांतीनंतर काकूंचं पोट दुखायला लागलं आणि थांबेना. नागपूरला नेऊन ऑपरेशन करायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी काकाजी रजिस्टर घेऊन माझ्याकडे आले. रोज तुळशीला एक लोटा. बोगनवेलीला काही नाही.

"एकवीस दिवस शून्य," ते म्हणाले. "पानं लोंबली तरी शून्य. भेवाचं नाही. ती वापस आली का रानी फुललेली दिसली पाहिजे तिले."

एवढंच बोलले, तेही रजिस्टरकडे पाहत. पण मला समजलं. ऑपरेशनची तारीख, परत यायचा अंदाज आणि झाडाची तहान, हे तिन्ही त्यांनी मनात जुळवून ठेवलं होतं. काकूंची खाट खिडकीशी होती आणि ड्रम बरोबर खिडकीसमोर.

सकाळी जीप आली. काकाजी पिशव्या ठेवत होते तेवढ्यात काकूंनी मला जवळ बोलावलं आणि माझा हात धरला. हात तापलेला होता. "बापू, ते त पागल आहेत. माह्या रानीले पानी देजो. त्याईले सांगू नको."

मी मान हलवली. आदल्या दिवशी काकाजींपुढेही हलवली होती.

आता माझं कूळ सांगतो. मी कोंढ्याचा. घरी धान. आमच्याकडे पीक म्हणजे पाण्यात उभं असलेलं पीक. बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी साचलेलं दिसलं की बापाच्या चेहऱ्यावर जे समाधान येई ते दुसऱ्या कशाने येत नसे. आणि चालता येऊ लागल्यावर आम्हाला पहिली विद्या शिकवतात ती धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, फिरण्याची. खेकडे धुऱ्याला बिळं पाडतात, त्यातून पाणी निसटतं. बीळ दिसलं की चिखलाचा गोळा घ्यायचा, अंगठ्याने आत दाबायचा, वरून टाच मारायची. हे मला विचार न करता येतं.

पहिल्या दिवशी मी बोगनवेलीला बादलीभर पाणी घातलं. ते बुडाच्या भोकांतून भळाभळा बाहेर आलं आणि अंगणभर पसरलं. मला ते पाहवेना. मी खाली बसलो, बागेतली काळी चिकण माती कालवली आणि बावीसच्या बावीस भोकं बुजवली, अंगठ्याने नीट दाबून. मग पुन्हा एक बादली घातली. पाणी मातीवर चार बोटं उभं राहिलं आणि त्यात आभाळ दिसलं. मला घरच्या बांधीची आठवण झाली. मग हात धुतले, रजिस्टर उघडलं आणि लिहिलं: शून्य.

बायको दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिने विचारलं, "तुम्ही आठवीले शिकवता ना, मुळाले हवा लागते म्हणून?"

मी तिला सांगितलं की ते पुस्तकातलं आहे.

नवव्या दिवशी पानं पिवळी पडू लागली. मला वाटलं, तहान. मी दोन वेळा पाणी द्यायला लागलो. पंधराव्या दिवशी पानं गळाली, नुसते काटे राहिले. तोपर्यंत मला खरं काय ते कळलेलं होतं. मातीला वास येत होता, नाल्याचा असतो तसा. तेव्हाही भोकं मोकळी करता आली असती. पण मोकळी केली असती तर आधी बुजवली होती हे कबूल केल्यासारखं झालं असतं, स्वतःशीच. म्हणून मी पाणी बंद केलं, वरची माती वाळू दिली आणि शून्य लिहीत राहिलो. शेवटची चार शून्यं तशी खरी म्हणता येतील. पण मी ती खऱ्यात धरत नाही.

विसाव्या दिवशी दोघं परत आले, ठरल्यापेक्षा एक दिवस आधी. ऑपरेशन करून काही उपयोग नाही म्हणून डॉक्टरांनी पोट उघडून तसंच शिवलं होतं आणि घरी न्या म्हणाले होते. काकाजींनी काकूंना धरून जीपमधून उतरवलं. त्या दोन पावलं चालल्या आणि ड्रमसमोर थांबल्या.

बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, "मारलं ना शेवटी. लोटाभर पानी जड झालं तुमाले. बापूलेबी नाही देऊ देलं."

आवाज चढवून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. नेहमी चढवतच. त्या दिवशी अगदी हळू बोलल्या.

काकाजींनी ड्रमला पायाने धक्का दिला. ड्रम हलला नाही. मग त्यांनी वाकून मातीत बोट घातलं, बाहेर काढून नाकाशी नेलं. खाली बसून बुडाजवळ हात फिरवला आणि तिथेच थोडा वेळ ठेवला. उठून माझ्याकडे पाहिलं आणि रजिस्टर मागितलं. मी दिलं. ते एकेका ओळीवरून बोट नेत खाली आले.

"एकोणीस शून्य," ते म्हणाले. थोडा वेळ थांबले. मला बोलायला जागा ठेवून थांबले होते, हे मला तेव्हाही कळलं होतं. मी त्यांच्या चपलांकडे पाहत राहिलो.

मग ते काकूंना म्हणाले, "हो. कोरडंच राहिलं ते."

त्या दिवसापासून काकूंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. आमच्याशी बोलत, माझ्या बायकोकडून कढी मागवत, गल्लीतल्या बायकांना नवऱ्याच्या कंजूषपणाचे किस्से सांगत. पण काकाजी खोलीत आले की डोळे मिटत. खाटेची उशी त्यांनी फिरवून घेतली, खिडकीकडे पाठ होईल अशी. काकाजी त्यांचं सगळं करत. अंग पुसत, पेज भरवत, केस विंचरून वेणी घालत, आणि ती वेणी अशी वाकडी की बायको पुन्हा घालून देई. लेआउटमधल्या पोरीही म्हणू लागल्या की पंपवाल्या काकाजींनी काकूंचं झाड तहानेनं मारलं.

मी रोज ठरवत असे की उद्या सांगू. शाळेतून येताना वाक्य जुळवत असे. कुंपणाशी आलो की काकाजी विचारत, "आले का गुरुजी?" आणि मी म्हणे, "आलो." एवढंच होई. स्वतःची समजूतही काढत होतो, की सांगितलं तर काकूंनाच वाईट वाटेल, पाणी घाल असं त्याच म्हणाल्या होत्या. ही समजूत फार सोयीची होती.

पोळ्याच्या आधी काकू गेल्या.

तेरवी झाली, पाहुणे गेले. तरी मी सांगायला गेलो नाही. दिवाळी गेली. एका रविवारी दुपारी बायकोने चिवड्याचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली की काकाजींकडे नेऊन द्या, आणि जे सांगायचं आहे तेही सांगून या. तिला मी कधीच काही बोललो नव्हतो.

काकाजी ओसरीत सूप घेऊन तांदूळ निवडत होते. घरात काहीच आवाज नव्हता. कूलर बंद होता. त्या घरात मी तो पहिल्यांदाच बंद पाहिला. अंगणात ड्रम तसाच होता, काळं खोड तसंच. बुडाची भोकं मात्र सगळी मोकळी केलेली, आतून तार फिरवून साफ केलेली.

मी डबा ठेवला. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. म्हणालो, "काकाजी, पानी मी टाकलो होतो. रोज. भोकं बी मीच बुजवली."

त्यांनी तांदळातले आणखी दोन-चार खडे वेचले.

"मालूम आहे," ते म्हणाले. "भोकात तुमच्या अंगठ्याचा ठसा होता."

"मंग तुमी बोलले काहून नाही?"

सूप त्यांनी बाजूला ठेवलं. नागपूरला निघताना काकूंनी माझा हात धरला होता ते त्यांनी पिशव्या ठेवता ठेवता पाहिलं होतं. काय सांगितलं असेल ते त्यांना वेगळं समजून घ्यायची गरज नव्हती, जन्मभर धुवण चोरताना पाहिलं होतं.

"मी पानी जास्त झालं म्हटलो असतो, त तिनं आपल्यावर घेतलं असतं," ते म्हणाले. "आपल्या हातानं गेलं म्हनून. तसं नाही जाऊ देणार होतो मी तिले. त्यापेक्षा माह्यावर राहू दे म्हटलं. मले सवय आहे."

"मी भोकांचं सांगितलं असतं त?"

"त कोनावरच आलं नसतं. तिच्यावर नाही, माह्यावर नाही. ते तुमालेच सांगता येत होतं. तुमची शिफ्ट होती. मी वाट पाहून राहिलो होतो."

त्यांचा आवाज न्हाणीघराचा उतार सांगतानाचाच होता.

ते आत जाऊन रजिस्टर घेऊन आले. माझं पान शोधताना पुढची पानं आधी उघडली गेली, आणि मला ती वाचता आली. तुळस एक लोटा. बोगनवेलीच्या रकान्यात नुसती रेघ. शेरा: बोलली नाही. दुसऱ्या दिवशी: बोलली नाही. पेज घेतली, बोलली नाही. पानभर तेच, पुढच्या पानावर तेच, त्याच सरळ अक्षरात, प्रत्येकाखाली सही. आषाढात कुठेतरी एका दिवशी लिहिलं होतं: दाळ खारट झाली म्हणाली. त्या ओळीखाली सहीला जास्तीची एक रेघ ओढलेली होती. त्यानंतर पुन्हा, बोलली नाही.

काकाजींनी ती पानं घाईने उलटली नाहीत, माझ्यापासून लपवलीही नाहीत. माझं पान आलं तेव्हा रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं आणि खिशातला पेन काढून दिला.

"खोडाचं नाही," ते म्हणाले. "आणि तिचं नाव नका लिहू."

ते पुन्हा सूप घेऊन बसले. मी पहिल्या शून्यावर आडवी रेघ मारली, वर लिहिलं: दोन बादल्या. सही केली. दुसऱ्यावर रेघ, एक बादली, सही. नवव्या दिवसापासून सकाळी एक, संध्याकाळी एक. शेवटच्या चार शून्यांवर रेघ मारावी की नाही, असं मी विचारलं. त्यांनी मान वर न करता विचारलं, भोकं तेव्हा बुजलेलीच होती ना? मी त्यांच्यावरही रेघ मारली आणि वर लिहिलं: पाणी आत साचलेलं. सही केली.

मग शेऱ्याचा रकाना उरला. तो अरुंद होता, म्हणून मी बारीक अक्षरात लिहिलं, आणि लिहून झाल्यावर त्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवलं:

"पाणी मी दिलं. भोकं मी बुजवली. शून्यं मी लिहिली. झाड काकाजींनी मारलं नाही, मी मारलं. काकू होत्या तेव्हा हे सांगायला हवं होतं, तेव्हा मी चूप राहिलो. काकाजी, मले माफ करा."

आणि खाली सही केली.